दिवसातून तीनदा एक घंटी

दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या गल्लीत ट्रक यायचा. आई आणि आबा कोयते, पत्र्याची पेटी, दोन गोधड्या आणि बाजरीचं पोतं घेऊन त्यात चढायचे. ऊस तोडायला जायचं म्हणजे जायचं, त्यात विचारायचं काही नसायचं. मला तलवाड्याला मावशीकडे ठेवायचे. ते परत यायचे होळीच्या आगेमागे. मधले चार-पाच महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे मला, आणि मी जेवते की नाही हे त्यांना, कळायची काही सोय नव्हती. कारखान्याकडे जाणारा एखादा ड्रायव्हर भेटला तर त्याच्याकडे निरोप द्यायचा. तो पोचला की विसरला, कोण विचारणार?

सातवीत मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस मी मावशीच्या ओसरीत पडून होते. मावशीनं दोन ड्रायव्हरांना सांगून पाहिलं. आईला कळलं ते होळीला. ट्रकमधून उतरली, माझं केस गेलेलं डोकं बघितलं आणि तिथंच रस्त्यात खाली बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "मी तिकडं गाणी म्हणीत होते गं मोळ्या बांधताना."

हे मी कुणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. पुढे मी जे मशीन बसवलं ते कशासाठी, हे कळावं म्हणून लिहिते.

मी बी. एस्सी. झाले. आमच्या घरातच काय, आमच्या गल्लीत पदवीचा कागद आणणारी मी पहिली. तो कागद आबांनी टोळीतल्या सगळ्यांना दाखवला होता, वाचता एकालाही आला नाही. तोवर गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते आणि गेवराईत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मी एका क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासनं नवीन मशीनं घेतली तेव्हा एक जुनं मला दिलं. त्याच्यावर मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीतली लिनक्स नावाची फुकटची प्रणाली टाकली, फोनच्या लाइनला जोडायचा, आवाज घेऊ शकणारा मोडेम लावला, आणि भाड्याच्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर ते ठेवलं. त्याच्यासाठी फोनची वेगळी लाइन घेतली आणि लोडशेडिंगसाठी एक बॅटरी-इन्व्हर्टर.

काम साधं होतं. प्रत्येक टोळीला एक नंबर. गावातला माणूस कुठल्याही बूथवरून माझ्या मशीनला फोन लावणार, टोळीचा नंबर दाबणार, बीप वाजला की बोलणार. मशीन ते साठवून ठेवणार. तिकडे कारखान्याजवळच्या बूथवरून टोळीतलं कुणीतरी फोन लावून तोच नंबर दाबणार आणि ऐकणार. वाचता येण्याची गरजच नाही. पहिल्या हंगामात मी काही निरोप चाचणीसाठी ऐकले, मग बंद केलं. एका बाईनं तिच्या लेकराला नुसतं हसायला लावलं होतं फोनवर. असलं ऐकायचा मला काय अधिकार?

किती वेळ बोलायचं याला मी मर्यादा ठेवली नव्हती. आई लेकराशी बोलत असताना मशीननं मध्येच तोडायचं, हे मला पटेना. लक्षात ठेवा, ही चूक माझी होती.

टोळ्या घेऊन जाणाऱ्या चार मुकादमांनी सांगितलं होतं, "एक हंगाम बिनचूक चालवून दाखवा, पुढल्या वर्षीपासून आमच्या सगळ्या टोळ्यांचे दरमहा पैसे देतो." तेवढ्यात आमचं घर चाललं असतं. आईच्या गुडघ्यात तेव्हा पाणी झालेलं होतं. हा हंगाम नीट गेला तर पुढच्या दिवाळीला ती आणि आबा ट्रकमध्ये चढणार नव्हते. मला दुसरं काही नको होतं.

मी दिवसभर क्लासमध्ये. खोलीला कुलूप. मशीन आत. ते चालू आहे की मेलं, हे मला कळणार कसं? हा प्रश्न घेऊन मी मावसभावाकडे गेले. मावशीचा थोरला, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो. बारावीत दोनदा अडकल्यावर त्यानं स्टँडसमोर एसटीडी बूथ टाकला होता आणि तो चांगला चालत होता.

त्याला पहिल्यांदा आवडला तो रंगांचा प्रोग्राम. त्याच सीडीत होता. पडद्यावर एक पान यायचं, त्यात मशीनच्या प्रत्येक कामापुढं एक ठिपका. ठीक असलं की हिरवा, बिघडलं की लाल. मी एका सकाळी फोनवरून जोडून बूथच्या कॉम्प्युटरवर ते पान आणलं, ते बघून दादा खूश.

"तायडे, हे लई भारी हाय. गिऱ्हाइकं बघतील तर म्हणतील, बूथ हाय का विमानतळ."

"दादा, पण हा प्रोग्राम त्याच मशीनवर चालतो. मशीनच मेलं तर ठिपका लाल कोण करणार?"

"मग?"

"मग पडद्यावर सकाळचंच पान राहणार. हिरवंगार."

तो हिरमुसला. मग म्हणाला, "ईमेल?" मी म्हणाले, ईमेल बघायला आधी इंटरनेट जोडावं लागतं, तू ते दोन दिवसांतून एकदा जोडतोस. पेजरचं नाव निघालं. एका औषध कंपनीच्या माणसाच्या कमरेला आम्ही पेजर बघितला होता. तोच म्हणाला होता, "इकडं रेंज नाही, सासरवाडीला जाताना लावतो." मोबाइल तेव्हा शहरात आणि पैसेवाल्यांकडे.

शेवटी राहिला मिस कॉल. मशीननं स्वतः फोन लावायचा, एक घंटी द्यायची आणि ठेवायचा. कुणी उचलायचा नाही, म्हणजे एक पैसा जात नाही. पण घंटी कधी द्यायची? दादा म्हणाला, बिघडलं की. आम्ही दोन दिवस तसं करून बघितलं आणि फजिती झाली. आमच्याकडं सगळेच घंटी द्यायचे. पोचलो, एक घंटी. फोन कर, दोन घंट्या. बस चुकली, तीन. दादाच्या लोकल फोनवर दिवसाला चाळीस घंट्या यायच्या, आणि प्रत्येक घंटीला तो मला क्लासमध्ये निरोप धाडायचा की मशीन मेलं.

म्हणून मी ते उलटं केलं. रोज सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, बरोबर त्या मिनिटाला, सगळं ठीक असेल तरच घंटी द्यायची. मोडेम फोन उचलतोय का, निरोप साठवायला जागा आहे का, हे मशीन आधी तपासणार. काही कमी असेल तर गप्प बसणार. सातला घंटी नाही आली की समजायचं, गडबड आहे.

"म्हंजे मला न आलेली घंटी ऐकायची?" दादा म्हणाला.

"हो."

"बीएस्सी केलं की डोकं असं चालतं का बे?"

आम्ही दोघं लई हसलो. त्यानं दोनशे पानी वही घेतली, दिवसाला तीन चौकोन आखले. घंटी आली की बरोबरची खूण. नाही आली तर माझ्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती, आणि काय टाईप करायचं ते मी पुठ्ठ्यावर मराठीत लिहून मशीनला चिकटवलं होतं. बूथपासून खोली सायकलवर पाच मिनिटं.

तीन महिने हे नीट चाललं. दोनदा घंटी चुकली, दोन्ही वेळा दादा सायकल हाणत गेला आणि मशीन चालू करून आला. हेही लिहायला पाहिजे. त्यानं केलं होतं.

मग क्लासनं मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला औरंगाबादला पाठवलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. मी रोज संध्याकाळी तिथल्या बूथवरून दादाला फोन करायचे.

"घंटी आली?"

"आली की. तिन्ही."

"बघ हं, नाही आली तर जा."

"तायडे, तू तुझं शीक. वही भरतोय ना मी."

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारही दिवस "आली की". बुधवारी मी सहज मशीनलाही फोन लावला. त्यानं उचलला, बीप दिला. मी समाधानानं ठेवून दिला. पुढे काही बोलून बघावं, ते परत ऐकून बघावं, हे मला सुचलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी खोली उघडली. मशीन चालू होतं, पंखा फिरत होता. बॅग ठेवायच्या आधी मी डिस्क बघितली. काठोकाठ भरलेली. मशीन फोन उचलत होतं, बीप देत होतं, माणसं बोलत होती आणि त्यांचं बोलणं कुठंच जात नव्हतं. मंगळवारी सकाळपासून. बोलणाऱ्याला वाटणार, निरोप पोचला.

इतकी डिस्क भरली कशानं? मी एका टोळीचा साठा उघडला. घोषणा. मग बसलेल्या आवाजात भाषण, मागे कॅसेटची खरखर. आमच्याच भागातल्या एका पुढाऱ्याचं. ऊसतोड बंधूंनी मतदानाला गावी यावं, गाडीची सोय केली आहे. वीस मिनिटं. दुसरी टोळी उघडली, तेच. प्रत्येक टोळीच्या नंबरावर तेच भाषण. टोळ्यांच्या नंबरांचा कागद माझ्याकडे होता, टोळ्यांकडे ज्याचा त्याचा एकेक नंबर होता, आणि सगळे एकत्र लिहिलेला दुसरा कागद, बूथवरच्या गिऱ्हाइकांना नंबर सांगायला म्हणून मी दिलेला, फक्त दादाकडे होता.

मी ते सगळं पुसलं, मशीन मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधीच बूथवर गेले. दादा चहा सांगायला गेला होता. वही काउंटरवरच होती. मंगळवार ते शुक्रवार, बारा चौकोन, बारा खुणा. मला वाटलं, माझ्याच प्रोग्राममध्ये चूक आहे. जागा नसताना घंटी गेली असेल. खरंच वाटलं. त्याच्यावर संशय घ्यायच्या आधी मी स्वतःवर घेतला.

लोकल फोन मात्र काउंटरवर नव्हता. त्याची वायर भिंतीला भोक पाडून शेजारच्या गाळ्यात गेली होती. गाळा रिकामा असायचा, आता तिथं त्या पुढाऱ्याचं प्रचार कार्यालय होतं. मी आत डोकावले. चार-पाच कार्यकर्ते, मुरमुऱ्याचा चिवडा आणि मध्ये आमचा फोन.

"काय पायजे ताई?"

"हा फोन इकडं कधी आला?"

"आठ दिस झाले. बूथवाल्या दादानं दिला साहेबांसाठी. पण लई तरास झाला बगा. विरोधक टपून बसलेत."

"का?"

"रोज सकाळी सातला एक घंटी, ठेवून देयाचे. दुपारी एकला एक. सांजच्याला एक. आमी उचलायला जावं तर बंद! नुसता छळ."

दुसरा म्हणाला, "म्या एकदा टपूनच बसलो अन् पयल्या घंटीला उचलून आयमायवरून शिव्या दिल्या. तवा गप झाले."

"कधी गप झाले?"

"मंगळवारधरनं एक घंटी न्हाई. भ्याले."

ते सगळे हसले. माझ्या मशीनला शिव्या देऊन त्यांनी पिटाळलं, अशी त्यांची समजूत. मी तिथंच उभी. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता. जागा संपली आणि मशीन ठरल्याप्रमाणे गप्प बसलं. न आलेली घंटी त्या खोलीत पाच माणसांनी ऐकली. ज्यानं ऐकायची त्यानं भिंतीपलीकडे बसून बारा खुणा मारल्या आणि मला रोज "आली की" म्हणाला.

दादा चहा घेऊन आला. मला बघून त्याचा चेहरा बदलला, तरी कप पुढं केला.

"कधी आलीस?"

"नंबरांचा कागद तू दिलास?"

त्यानं कप काउंटरवर ठेवला.

"फोन दिलास, कागद दिलास, आणि मला खोटं सांगितलंस."

"साहेबाला न्हाई कसं म्हनायचं तायडे? स्टँडसमोरची जागा हाय. उद्या बूथ उठवला तर? आन् तू येणारच होतीस शुक्रवारी. दोन-चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

रविवारी दुपारी माझ्या दारात एक बाई आली. नारायणगडाच्या पायथ्याच्या गावची, टोळीवरून सरळ बीडच्या दवाखान्यात जाऊन मग माझ्याकडे आलेली. सोबत मुकादम. तिची पहिलटकरीण लेक मंगळवारी अडली. जावयानं गावच्या बूथवरून मशीनला फोन लावला, टोळीचा नंबर दाबला, रडत रडत निरोप ठेवला आणि निर्धास्त झाला की सासू निघाली असणार. सासूला कळलं शनिवारी, ट्रकवाल्याकडून. लेक आणि बाळ दोघं वाचली होती. पण चार दिवस लेक दाराकडं बघत होती.

बाई ओरडली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "समद्यायचे निरोप येतेत. मला कावून आला न्हाई?"

मुकादमानं मला विचारायच्या आधी दादाला विचारलं होतं. मुकादम म्हणाला, "मी बूथवाल्याकडं गेलतो. तो म्हणतो, मशीन त्या पोरीचं हाय, बिघडलं असंल. माझ्या वहीत समदं बरोबर हाय, बघा." मुकादमानं वही बघितली होती. बारा खुणा. कागदावरच्या खुणेवर माणसाचा विश्वास बसतो.

"आमचं आता जमणार न्हाई," मुकादम म्हणाला. बाकी तिघांचेही निरोप दोन दिवसांत आले.

त्या रविवारीच संध्याकाळी मी तलवाड्याला मावशीकडे गेले. वाटलं, ती तरी बोलेल त्याला. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापायची थांबली नाही.

"तू शिकलेली हायस," ती म्हणाली. "तुला शंभर नोकऱ्या भेटतील. त्याला बूथबिगर काय हाय? झालं ते तुझ्या मशीनवर जाऊ दे. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

"मावशी, चार दिवस ती पोरगी—"

"वाचली ना? मग."

एकवीस दिवस माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी हीच मावशी. तिच्यावर रागवायला मला जागा सापडेना, आणि तिचं ऐकायलाही. मी जेवले नाही. शेवटच्या बसनं परत आले.

दुसऱ्या दिवशी मी बीडच्या दवाखान्यात त्या बाईकडे गेले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. कोणी काय केलं, माझं काय चुकलं, सगळं. मी मर्यादा ठेवली असती तर वीस मिनिटांचं भाषण मावलंच नसतं. मी पहारा एकाच माणसावर टाकला, आणि तो माझा आहे म्हणून कधी तपासला नाही. ती ऐकत होती, बाळाला पदराचा वारा घालत होती. शेवटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." क्षमा वगैरे नाही. मी मागितलीही नव्हती.

मुकादमालाही सांगितलं. तो म्हणाला, "आसंल. पण मशीनपेक्षा मानसं बेइमान निघाली तर मशीन घिऊन काय करू?"

सगळा उन्हाळा मी या एका प्रश्नावर घालवला. मासिकं चाळली, आणखी दोन प्रोग्राम लावून बघितले. एक दर तासाला मशीनची नाडी कागदावर छापायचा, दुसरा सुंदर आलेख काढायचा. दोन्ही कुणीतरी बघावे लागत. मला असं काहीतरी पाहिजे होतं की जे बघायचं नाही म्हटलं तरी बघावं लागेल, आणि ज्याच्यावर कुणाला खोटी खूण मारता येणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले होते. त्यांना मी चित्र काढून दिलं. मशीननं दर पाच मिनिटांनी मोडेम तपासायचा, स्वतःच्या साठ्यात एक छोटा निरोप ठेवायचा, तोच परत वाचायचा, जमलं तर प्रिंटरच्या तारेतून एक टिचकी द्यायची. दहा मिनिटं टिचकी आली नाही की बॅटरीवरचा भोंगा सुरू. भोंगा ट्रॅक्टरचा. थांबवायचं बटण खोलीत, मशीनशेजारी.

"बाई, हे उलटं हाय," ते म्हणाले. "जग भोंगा वाजवायला वायर जोडतं, तुमी न वाजायला जोडता."

"मला हेच पाहिजे."

"मग कान माझे न्हाई, गल्लीचे जातील."

भोंगा मी छतावर लावला. खाली घरमालकीण राहायची, फटकळ आणि दिवसभर घरी. किल्ली तिला दिली. पहिल्या आठवड्यात तो तीनदा वाजला. पहिल्यांदा ती अख्ख्या गल्लीसकट दारात. "काढ ते बोंबलणारं माझ्या डोक्यावरचं! सुनेची कढई पडली हातातून." मी तिला नारायणगडाच्या बाईची गोष्ट सांगितली. तिनं किल्ली कमरेला खोचली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी क्लासमध्ये होते. पुठ्ठ्यावरचं वाचून, एका बोटानं अक्षरं शोधत, तिनं मशीन सुरू केलं होतं. मी धापा टाकत पोचले तर मला म्हणाली, "कावून पळत आलीस? झालं की कवाच."

निरोपाला तीन मिनिटांची मर्यादा घातली. टोळ्यांचे सगळे नंबर बदलले आणि एकत्र यादी कुठंच लिहून ठेवली नाही.

पोळा झाल्यावर मी चारही मुकादमांना बोलावलं. दोनच आले. त्यातला एक त्या बाईसोबत आलेला. मी काही सांगत बसले नाही. मोडेमची वायर काढली आणि त्यांना बाहेर बाजेवर बसवून चहा दिला. नऊ-दहा मिनिटं झाली तसा छतावरून भोंगा सुटला. बशीतला चहा मुकादमाच्या धोतरावर. घरमालकीण किल्ली घेऊन जिना चढताना ओरडली, "आता कोन मेलं बे?"

मुकादम धोतर झटकत म्हणाला, "ह्याला वही लागत न्हाई व्हय?"

"नाही."

"एक हंगाम. पैशाचं होळीनंतर बघू."

त्या हंगामालाही आई-आबा गेले. आई गुडघ्याला फडकं बांधून ट्रकमध्ये चढली, मी खालून आधार दिला तिला. दादानं त्याच वर्षी बूथवर नवा रंग दिला. पुढारी निवडून आले होते, जागा तिथंच राहिली. मी त्याच्याशी लग्नकार्यात बोलते, वाढलं तर जेवते. पण "आली का" असा साधा प्रश्न कुणाला विचारला आणि "आली की" असं उत्तर आलं, की आजही मी उठून स्वतः बघून येते. हे त्यानं मला दिलं. ते परत घेता येत नाही.

त्या हंगामात भोंगा अकरा वेळा वाजला आणि एकही निरोप हरवला नाही. होळीनंतर दोन्ही मुकादमांनी सगळ्या टोळ्या माझ्या मशीनवर लावल्या आणि दरमहा पैसे सुरू केले. पुढच्या दिवाळीला गावी आमच्या गल्लीत ट्रक आला, आणि आई-आबा त्यात चढले नाहीत.